अमेरिकेतल्या शाळेत गणिताचे कोर्स निवडताना: नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

आपल्याकडे गणिताची निवड एकदाच होते. दहावी झाली, सायन्स घेतलं, पीसीएम की पीसीबी ते ठरलं, की पुढची दोन वर्षं काय शिकायचं ते बोर्ड बघतं. लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची ओळख अकरावीत, इंटिग्रेशन बारावीत. कुणी काही विचारत नाही. अमेरिकेत दरवर्षी वेगळ्या नावाचा एक कोर्स असतो, आधीचा झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, आणि बारावीत कॅल्क्युलस घेता येणार की नाही हे बऱ्याचदा सहावी-सातवीतच ठरून गेलेलं असतं. कोर्सनिवडीचा फॉर्म बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतो. मूल रात्री साडेनऊला तो दप्तरातून काढतं, ‘उद्या द्यायचाय’ म्हणतं, आणि आपण सही करून मोकळे होतो.

ती सही करण्याआधी काय बघायचं, ते पुढे लिहिलंय. मुलं साधारण पाचवी ते अकरावीत असताना इथे आलेल्या घरांना याचा जास्त उपयोग होईल. माझं मत आधीच सांगून ठेवतो: कॉलेजच्या पहिल्या सत्रात कॅल्क्युलसला गळणारी जी मुलं मी बघतो, त्यातली बरीचशी खरं तर अपूर्णांक, घातांक आणि त्रिकोणमितीत गळालेली असतात. त्यामुळे ‘माझा मुलगा कितव्या कोर्सपर्यंत पोचला’ यापेक्षा ‘आधीचा कोर्स किती पक्का झाला’ हा प्रश्न मला मोठा वाटतो. सगळ्या सल्ल्यामागे तेच आहे.

पायरी १: जिना ओळखून घ्या

नेहमीचा क्रम असा: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पाच पायऱ्या, आणि हायस्कूलची वर्षं चार, नववी ते बारावी. म्हणजे नववीत अल्जिब्रा १ घेतला तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर अल्जिब्रा १ आठवीत व्हायला हवा. आठवीत तो मिळण्यासाठी सहावी-सातवीचं गणित थोडं दाबून शिकवणारा प्रवेगी वर्ग लागतो. सगळी धावपळ सुरू होते ती या एका वर्षाच्या हिशोबामुळे.

काही ठिकाणी ही नावं दिसणारच नाहीत. नॉर्थ कॅरोलायनात आणि कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) मॅथ १, मॅथ २, मॅथ ३ असे मिश्र कोर्स असतात. त्यात बीजगणित आणि भूमिती दरवर्षी थोडी थोडी येते, आपल्या भाग एक-भाग दोनसारखी. त्यात वाईट काही नाही. पण मॅथ १ करून दुसऱ्या राज्यात बदली झाली आणि तिथे जॉमेट्रीत बसवलं, तर अर्धी भूमिती दुसऱ्यांदा होते आणि बीजगणिताचा एक तुकडा राहूनच जातो. बदलीची नोकरी असेल तर मुलाने नेमकं काय शिकलंय त्याची यादी, म्हणजे सिलॅबसचं पान, प्रत्येक वर्षाच्या शेवटी जपून ठेवा.

नियमही जागेप्रमाणे बदलतात, आणि ते राजकारणाचे विषय असतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा १ काढून टाकला. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, मतदारांनी तो परत आणावा असा कौल दिला. टेक्सासने २०२३ च्या कायद्याने उलट दिशा धरली: पाचवीत वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सहावीत प्रगत गणिताच्या वर्गात शाळेनेच घालायचं, नको असेल तर पालकांनी तसं सांगायचं. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला ऐका, पण आपल्या डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरचं कोर्स कॅटलॉग उघडून पडताळा. कंटाळवाणा दस्तऐवज आहे, पण गणिताची चार-पाच पानं वाचली की पुरे.

पायरी २: भारतातून आलेलं मूल कुठल्या पायरीवर उभं आहे?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, तोही दोन्ही बाजूंनी. शाळेला आपला अभ्यासक्रम माहीत नसतो, म्हणून ती मुलाला सरळ त्या इयत्तेच्या सर्वसाधारण वर्गात टाकते. आणि पालक म्हणतात, ‘हे सगळं त्याचं झालंय, दोन वर्षं पुढे घाला.’ खरं उत्तर बहुधा मधे असतं.

महाराष्ट्र बोर्ड किंवा सीबीएसईची नववी नीट झालेल्या मुलाला अल्जिब्रा १ मधलं बरंच येत असतं: रेषीय समीकरणं, बहुपदी, अवयव. मधल्या पदाची फोड करून अवयव पाडण्यात आपली मुलं इथल्या मुलांच्या खूप पुढे असतात. भूमितीतल्या सिद्धता त्यांनी लिहिलेल्या असतात. दहावी झाली असेल तर वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी आणि त्रिकोणमितीची गुणोत्तरंही आलेली असतात.

आता जे आलेलं नसतं ते बघा. दहावीपर्यंत आपल्या दोन्ही अभ्यासक्रमांत लॉगॅरिदम नाही (आयसीएसईत नववीतच येतो). घातांकी वाढीचे आलेख नाहीत. फंक्शनची लेखनपद्धती, ‘एफ ऑफ एक्स’, फारशी हाताखालून गेलेली नसते. आलेख दोन घरं उजवीकडे सरकवला तर समीकरण कसं बदलतं, हा प्रश्न आपल्याकडे त्या वयात विचारत नाहीत. इथे अल्जिब्रा २ चा तो कणा आहे. केवल मूल्याच्या असमानता, फंक्शनचं डोमेन, ग्राफिंग कॅल्क्युलेटर, सगळं नवं. त्यामुळे दहावी करून आलेल्या मुलीला अल्जिब्रा २ मध्ये घातलं तर पहिले दोन महिने ती सगळ्यांना शिकवेल आणि तिसऱ्या महिन्यात लॉगॅरिदमशी अडेल. तिला थेट प्रीकॅल्क्युलसमध्ये घातलं तर ती अडचण पहिल्याच आठवड्यात येईल, आणि तिथे सावरायला वेळ नसतो.

साधारण ठोकताळा: आठवी झालेल्या मुलासाठी नववीत अल्जिब्रा १, किंवा प्लेसमेंट परीक्षा, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी, नीट गेली तर जॉमेट्री. नववी झालेल्यासाठी जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ यांपैकी एक, जमत असेल तर दोन्ही एकाच वर्षी. दहावी झालेल्यासाठी अल्जिब्रा २ चा ऑनर्स (जास्त खोलात शिकवणारा) वर्ग, आणि उन्हाळ्यात लॉग, घातांकी फंक्शन आणि आलेख घरी करून घेतले असतील तरच प्रीकॅल्क्युलस. अकरावी सायन्स पूर्ण करून आलेलं मूल प्रीकॅल्क्युलसला सहज बसतं, आणि चांगलं असेल तर कॅल्क्युलसलाही.

पायरी ३: कौन्सेलरकडे जाताना

वेळापत्रक कौन्सेलर, म्हणजे मुलांची कोर्सनिवड बघणारे शाळेतले सल्लागार, बनवतात, गणिताच्या शिक्षिका नव्हे. एकेका कौन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, म्हणून ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात गेलात तर हाती फारसं लागत नाही. जून-जुलैत ईमेल करा. सोबत गेल्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेची इंग्रजी प्रत जोडा. एनसीईआरटी आणि बालभारती दोघांची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. ‘मार्क ९२’ या आकड्यापेक्षा ती अनुक्रमणिका जास्त काम करते, कारण गणिताच्या शिक्षिकेला ती वाचून एका नजरेत कळतं.

विचारायचे प्रश्न असे. प्लेसमेंट परीक्षा आहे का, आणि ती कधी? भारतात झालेल्या विषयाचं क्रेडिट (कोर्स पूर्ण झाल्याची अधिकृत नोंद) इथल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, चढेल का, की नुसतं पुढच्या वर्गात बसू देतील? हा फरक महत्त्वाचा आहे. अल्जिब्रा १ चं क्रेडिट कुठेच दिसत नसेल तर पदवीदानाच्या वेळी घोळ होतो. टेक्सासमध्ये अल्जिब्रा १ ची राज्याची परीक्षा हायस्कूल पूर्ण करायला लागते, आणि न शिकता थेट परीक्षा देऊन क्रेडिट घ्यायचं तर ८० गुण लागतात. आणि शेवटचा प्रश्न: वर्ग जड वा हलका निघाला तर बदलायची शेवटची तारीख कोणती?

पहिलं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. मग गणित विभागाच्या प्रमुखांना भेटायची परवानगी मागा. नम्रपणे मागितली तर बहुधा मिळते.

पायरी ४: पुढे काय करायचंय त्यावरून मागे या

इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, भौतिकशास्त्र, गणित, अर्थशास्त्राचा गंभीर अभ्यास: यांना त्रिकोणमितीसकट पूर्ण कॅल्क्युलस लागतं. व्यवस्थापन, बऱ्याच ठिकाणी जीवशास्त्र, यांना ‘बिझनेस’ किंवा ‘अप्लाइड’ कॅल्क्युलस चालतं. त्यात त्रिकोणमिती जवळजवळ नसते. लक्षात ठेवायचं ते एवढंच की बिझनेस कॅल्क्युलस केलेल्या मुलाने नंतर इंजिनिअरिंगकडे वळायचं ठरवलं, तर तो कोर्स सहसा धरला जात नाही आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, पत्रकारिता यांना स्टॅटिस्टिक्सचा उपयोग जास्त.

मुलाला अजून काहीच माहीत नसेल, आणि चौदाव्या वर्षी कुणाला माहीत असतं, तर अल्जिब्रा २ आणि प्रीकॅल्क्युलस तरी करूनच ठेवावं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया हायस्कूलची तीन वर्षं गणित मागते आणि चार वर्षांची शिफारस करते. डेटा सायन्सचा कोर्स अल्जिब्रा २ ऐवजी चालेल का, यावर तिथे मोठा वाद झाला आणि २०२३ मध्ये त्यांनी ती वाट बंद केली. आकर्षक नावाचा नवा कोर्स दिसला की तो अल्जिब्रा २ च्या जागी घेतोय की त्याच्या जोडीला, हे आधी बघा.

पायरी ५: घाई करायची का?

एक वर्ष वाचवायचे रस्ते तीन. उन्हाळ्यात एक कोर्स, जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकत्र, किंवा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स.

उन्हाळ्यात जॉमेट्री चालेल. अल्जिब्रा २ उन्हाळ्यात सहसा करू नका. दहा महिन्यांचा विषय सहा आठवड्यांत वाचून होतो, मुरत नाही. आणि कॅल्क्युलसमध्ये रोज लागतं ते नेमकं तेच. एकाच वर्षी दोन कोर्स हा पर्याय मला बरा वाटतो, कारण भारतातून आलेल्या मुलाला भूमितीचा भार तसा कमी असतो.

ड्युअल एनरोलमेंटमध्ये खर्च कमी आणि कोर्स खराखुरा कॉलेजचा. पण ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची बसते. पंधरा वर्षांच्या मुलाने सी आणला तर पुढे मेडिकलला अर्ज करतानाही तो दाखवावा लागतो.

मंडळाच्या पिकनिकला ‘आमची सातवीतच अल्जिब्रा करते’ हे वाक्य ऐकू येणारच. ऐकावं आणि पुढच्या बटाटेवड्याकडे वळावं.

पायरी ६: प्रीकॅल्क्युलस, म्हणजे खरी परीक्षा

हा कोर्स हलक्यात घेतला जातो, कारण नावात ‘प्री’ आहे. माझ्या मते पाचही कोर्समध्ये तोच सगळ्यात मोलाचा. बारावीत कॅल्क्युलस घेता आलं नाही पण प्रीकॅल्क्युलस उत्तम झालं, असं मूल कॉलेजात बिनधास्त पुढे जातं. उलट झालेली मुलं चाचपडतात.

का, ते एका उदाहरणात दिसेल. वर्गमूळ क्ष चा डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचा आहे. मांडणी अशी: (√(क्ष + ह) − √क्ष) ÷ ह, आणि ह शून्याकडे न्यायचा. सरळ शून्य घातलं तर शून्य भागिले शून्य. मग काय करायचं? नववीत अनुबद्ध जोडी वापरून छेदाचं परिमेयीकरण केलेलं आठवतंय? इथे तेच अंशाला करायचं. वर-खाली (√(क्ष + ह) + √क्ष) ने गुणा. अंशात क्ष + ह − क्ष, म्हणजे नुसता ह उरतो. तो खालच्या ह शी कटतो. राहतं १ ÷ (√(क्ष + ह) + √क्ष). आता ह शून्य करा: १ ÷ (२√क्ष). यात कॅल्क्युलस शेवटच्या एका ओळीत आहे. बाकी सगळं बीजगणित, आणि मूल अडतं ते त्या बाकी सगळ्यात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: √(क्ष² + ९) चे क्ष + ३ करणं. क्ष च्या जागी ४ घालून बघायला सांगा. डावीकडे √२५, म्हणजे ५. उजवीकडे ७. एकदा स्वतः बघितलं की मूल विसरत नाही. नुसतं ‘असं करायचं नाही’ म्हटलेलं विसरतं.

प्रीकॅल्क्युलसच्या शेवटी घरी कोऱ्या कागदावर, कॅल्क्युलेटर न देता, एवढं करून घ्या:

पहिलं, (१ ÷ (क्ष + ह) − १ ÷ क्ष) ÷ ह याला सोपं रूप द्या. उत्तर −१ ÷ (क्ष(क्ष + ह)). यात अपूर्णांकाची वजाबाकी आणि चिन्ह, दोन्हींची परीक्षा होते.

दुसरं, साइन दोन थीटा = साइन थीटा हे समीकरण शून्य ते ३६० अंशांत सोडवा, ३६० सोडून. उत्तरं चार: ०, ६०, १८० आणि ३००. मूल फक्त ६० आणि ३०० लिहून थांबलं, तर त्याने दोन्ही बाजूंना साइन थीटाने भागलं आणि भागताना ० आणि १८० हरवले.

तिसरं, ५ गुणिले २ चा क्षवा घात = ६०. क्ष लॉगच्या रूपात लिहा. लॉग म्हणजे काय हे कळलंय की नुसती बटणं दाबलीत, ते इथे उघडं पडतं.

चौथं, ठरावीक घनफळाच्या, दोन्ही बाजूंनी बंद, वृत्तचितीच्या आकाराच्या डब्याचं एकूण पृष्ठफळ फक्त त्रिज्येत मांडा. सोडवायचं काही नाही, फक्त मांडायचं. कॅल्क्युलसमधली ‘कमीत कमी पत्रा’ वगैरे गणितं इथेच सुरू होतात, आणि बरीच मुलं डेरिव्हेटिव्ह काढायच्या आधीच इथे बसून राहतात.

चारांपैकी तीन नीट आली तर काळजी नको. एक-दोनच आली तर कॅल्क्युलसच्या शिकवणीवर पैसे घालू नका, बीजगणितावर घाला. त्रिकोणमितीच्या सरावाला बालभारतीचं अकरावीचं पुस्तक उत्तम आहे, घरात आजोबा असतील तर त्यांनाही कामाला लावता येतं. आलेख सरकवणं-ताणणं मात्र इथल्याच पुस्तकातून करा.

शाळेत आता एपी प्रीकॅल्क्युलसही दिसेल. एपी म्हणजे हायस्कूलमध्ये शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स; त्यांची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. कॉलेज बोर्डाने तो २०२३ मध्ये सुरू केला आणि पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. चांगला कोर्स आहे. एक बारीक गोष्ट: त्यातलं चौथं युनिट, म्हणजे व्हेक्टर, मॅट्रिक्स, पॅरामेट्रिक फंक्शन, परीक्षेला नसतं, म्हणून काही वर्गांत ते वगळलं जातं. पुढे इंजिनिअरिंग असेल तर शिक्षिकेला विचारून घ्या.

पायरी ७: बारावीत एबी की बीसी?

एपी कॅल्क्युलसचे दोन प्रकार. एबी म्हणजे कॉलेजचं साधारण एक सत्र, बीसी म्हणजे दोन. बीसीत एबीचं सगळं येतं, शिवाय अनंत श्रेणी, पोलर आणि पॅरामेट्रिक. परीक्षा मेमध्ये, गुण १ ते ५, आणि बीसी दिली तरी त्यातल्या एबी भागाचा वेगळा गुण कळतो. नावनोंदणी आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शाळेतून करावी लागते. ही तारीख नव्या घरांत हमखास निसटते.

२०२३ मध्ये एबीत ५ मिळवणारे साधारण २२ टक्के होते, बीसीत ४३-४४ टक्के. यावरून ‘बीसी सोपी’ असा निष्कर्ष कुणीतरी ग्रुपवर टाकेल. बीसीला बसणारी मुलंच वेगळी असतात, एवढाच त्याचा अर्थ.

प्रीकॅल्क्युलसला सहज ए आला असेल आणि पुढे इंजिनिअरिंग असेल तर बीसी. ए साठी झगडावं लागलं असेल तर एबी, निश्चिंत मनाने. बी किंवा खाली असेल आणि पुढे कॅल्क्युलस फारसं लागणार नसेल, तर एपी स्टॅटिस्टिक्सला कमी समजू नका.

शाळेत कॅल्क्युलस शिकवतच नसतील तर? घाबरू नका, देशातल्या जवळपास निम्म्या हायस्कूलमध्ये ते नसतंच. प्रवेश समित्या मुलाकडे त्याच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्या हिशोबाने बघतात. कॅल्टेकसारखी संस्थासुद्धा २०२३ पासून, शाळेत कॅल्क्युलस नसलेल्या मुलांना ते शिकल्याचं दुसऱ्या मार्गाने दाखवू देते.

पायरी ८: कॉलेजच्या आधीचा उन्हाळा

प्रवेश मिळाला तरी कॅल्क्युलस १ च्या वर्गात आपोआप बसता येत नाही. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत अलेक्स नावाची ऑनलाइन प्लेसमेंट परीक्षा असते. जास्तीत जास्त ३० प्रश्न, १०० पैकी गुण, आणि आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न बदलतो. त्यात कॅल्क्युलस नाही. अंकगणितापासून प्रीकॅल्क्युलसपर्यंतच सगळं. पर्याय निवडायचे नसून उत्तर टाइप करायचं असल्याने अंदाजपंचे काम होत नाही. कॅल्क्युलस १ साठी किती गुण लागतात ते प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. कमी पडले तर सरावाचा भाग करून बहुतेक ठिकाणी पुन्हा बसता येतं, म्हणून ऑगस्टपर्यंत न थांबता जूनमध्येच एकदा द्या. शेजारी बसून मदत करू नका. गुण वाढतील, आणि मूल पेलणार नाही अशा वर्गात जाईल.

एपीत ४ किंवा ५ आला असेल तर कॅल्क्युलस १ सोडून पुढे जायचं का? नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. एमआयटी बीसीच्या ५ ला पहिल्या कोर्सचं क्रेडिट देते, एबीला देत नाही. बरीच सरकारी विद्यापीठं एबीच्या ४ लाही देतात. क्रेडिट मिळत असेल तर निर्णयाआधी त्या विद्यापीठाच्या कॅल्क्युलस १ ची जुनी फायनल, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका, शोधा. अनेक गणित विभाग त्या संकेतस्थळावर ठेवतात. वेळ लावून सोडवायला बसवा. ७० टक्क्यांच्या वर गेलं तर पुढचा कोर्स. खाली राहिलं तर पहिलाच पुन्हा घेण्यात एक सत्र जातं, पण कॅल्क्युलस २ मध्ये श्रेणी येतात तेव्हा ते वसूल होतं.

सत्र सुरू झाल्यावरही एक दार उघडं असतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत, अॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घ्यायची-सोडायची, तारीख उलटायच्या आत, कॅल्क्युलसमधून प्रीकॅल्क्युलसमध्ये उतरता येतं आणि ट्रान्सक्रिप्टवर त्याची खूणही राहत नाही. पहिल्या क्विझचे गुण साधारण त्याच सुमारास येतात. ती तारीख मुलाच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवायला सांगा.